दिल्यानंतरची ओळ

...शर्टाच्या बाहीच्या बटणाएवढी, आणि पाठीला एक पिवळा कागदी शेपटा. तो ओढून काढला की बॅटरीच्या पोटातली बारीक भोकं उघडी पडतात आणि ती श्वास घ्यायला लागते. लगेच यंत्रात बसवायची नाही. मिनिटभर तळहातावर तशीच ठेवायची, हवा आत जाऊ द्यायची, मग ती नीट जागी होते. ज्यांना हे ठाऊक नसतं ते घाईने बसवतात आणि दोन दिवसांत संपली म्हणून ओरडत येतात... ती तळहात पसरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. बुधवार हा बॅटऱ्या बदलण्याचा वार. एक मिनिट केवढं लांबलचक असतं हे दर बुधवारी नव्याने कळायचं, आणि आजच्या मिनिटात तर दुपारी चारची मीटिंग सबंधच्या सबंध मावत होती — कंपनी चालवणारे डॉक्टर खुर्ची मागे सारून विचारणार, 'बोला, नवी भाषा की जुनी?' आणि आपण सांगणार, 'जुनी.' मुद्दे अकरा. नऊ तर घासूनपुसून लख्ख केलेले. दहावा आज दुपारपर्यंत सिद्ध करायचा, अकरावा त्याच्या मागोमाग आपोआप.

"झालं का तुझं ध्यान?" सासूबाई टेबलापासून ओरडल्या. कानात यंत्रं नसली की त्या सगळ्या घराला उद्देशून बोलत.

तिने दोन्ही यंत्रांत बॅटऱ्या बसवल्या, झाकणं लावली, त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कानांत सरकवली, डोकं जरा तिरकं केलं. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेल्या बाईची ही मान... लाइन लागली की नाही ते आधी ऐकायचं, मग बोलायचं. आता एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि या दोन यंत्रांशिवाय त्यांना दारावरची थापही ऐकू येत नव्हती. यंत्रं सून काम करत होती त्या कंपनीची. आतला प्रोग्रॅम सुनेच्याच हातचा.

"काल तीन," सासूबाई वहीत बघत म्हणाल्या. वही हरवलेल्या शब्दांची. यंत्र अधूनमधून क्षणभर गप्प व्हायचं, सेकंदाचा तिसरा हिस्सा, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी बोलण्यातला एखादा शब्द गळून जायचा. सासूबाई मागाहून विचारून विचारून तो शोधून काढत आणि तारखेनिशी लिहून ठेवत. "एक दूधवाल्याचा 'उद्या'. एक बातम्यांतला, तो काही सापडला नाही. आणि एक तुझा. जेवताना तू काय म्हणाली होतीस?"

"आणखी नको म्हणाले होते."

"त्यातला 'नको' गेला."

"तरीच! मी म्हटलं, नको म्हणतेय तरी आई वाढतायत काय!"

"मला वाटलं, आज पोरगी पोटभर जेवतेय," सासूबाई म्हणाल्या. "बरं वाटलं होतं गं मला."

दोघी हसल्या. पण हसताना तिला ते टोचलंच, सात वर्षं टोचत होतं तसंच, बोटात शिरलेल्या कुसळासारखं. दिसत नाही, निघत नाही, आणि विसरायला झालं की नेमका तिथेच हात लागतो.

"आज तुझी ती मीटिंग ना? प्रोग्रॅम कुठल्या भाषेत लिहायचा ती?"

"हो."

"काय सांगणार?"

"जुनीच बरी म्हणून."

"का?"

"तिच्यात मला सगळं येतं," ती म्हणाली, आणि स्वतःच चमकली.

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हे कारण तुझ्या त्या अकरांमध्ये आहे का?"

तिने डबा पिशवीत टाकला आणि निघाली.

रस्ता पंचवीस मिनिटांचा. किल्ल्या करून देणाऱ्याची टपरी, दातांचा दवाखाना, शाळेची लांबच लांब भिंत. पाय आपले आपण चालत आणि डोकं मोकळं राहत असे... नाही, मोकळं कुठलं, डोक्यात अकरा मुद्दे रांग लावून. आपण चुकीचं काही म्हणत नाही आहोत, ती स्वतःला सांगत होती. पुढच्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने लिहायची म्हणजे खायचं काम नाही. बाकीचे प्रोग्रॅम उठतात तेव्हा सगळं मांडून ठेवलेलं असतं, मेमरी मागितली की मिळते, घड्याळ चालू असतं, वाद झाला तर मिटवायला कुणीतरी असतं. ते 'कुणीतरी' म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या आधी कुणीच उठलेलं नसतं. तिच्याखाली नुसती चिप, गार, आंधळी, काहीच माहीत नसलेली. म्हणून अशा कामाला भाषा अशी लागते, जी हातात घेताना आधी काही मागत नाही, मधेच स्वतःच्या कामासाठी थांबत नाही, आणि चिपच्या अंगाला थेट हात लावू देते. जुनी भाषा या तिन्हींत चोख. तिने कधी 'का' म्हणून विचारलं नाही. चोविसाव्या वर्षी ती या भाषेत पहिल्यांदा एका बोडक्या चिपशी बोलली होती आणि टेबलावरचा एक दिवा लुकलुकला होता... केवढासा दिवा, पण त्याच्याखाली दुसरं कुणी नव्हतं, फक्त ती. त्या दिवशी घरी येताना ती बसचं तिकीट काढायला विसरली होती.

चार वर्षांपूर्वी एक दुसरी भाषा आणून बघितली होती. वापरून झालेली मेमरी ती स्वतःच झाडून काढायची, लिहिणाऱ्याला काही बघावं लागायचं नाही. पण झाडायची तिच्या मनाला येईल तेव्हा, आणि झाडताना बाकी सगळं थांबायचं. हिशेबाच्या प्रोग्रॅमला चालून जातं, कानाला चालत नाही. सासूबाईंनी एका दुपारी वहीची चार पानं भरली आणि निकाल दिला, 'हे मशीन जांभया देतं.' ती भाषा बाद झाली. बाद करणारी ती स्वतः, आणि बरोबर होती. तेव्हापासून ऑफिसात ती 'नाही' म्हणणारी थोरली झाली. थोरली, हे तिचं ऑफिसातलं नाव, तोंडावरसुद्धा.

पण आताची ही नवी झाडत नव्हती. ही सगळं आधीच ठरवून घेत होती, लिहितानाच. प्रत्येक वस्तूला मालक एक. दुसऱ्याला देऊन टाकलीत तर ती तुमची राहिली नाही, थोडा वेळ हवी असेल तर उसनी घ्या आणि परत करा, आणि हा सगळा व्यवहार कंपायलर बसून तपासणार, प्रोग्रॅम चालायच्या आधी. पटला नाही तर पुढे जाऊ देणार नाही. खाली काही नसलं तरी चालतं तिला, मधे थांबत नाही... हे दोन आक्षेप थोरलीने यादीत घेतलेच नव्हते, खोटं बोलायची तिला सवय नव्हती. मग सिद्ध करायचं उरलं काय? दहावा. आवाजाची रांग. यंत्राचं काळीज. एका बाजूने माइक आवाजाचे तुकडे भरतोय, दुसऱ्या बाजूने कानाकडचा भाग ते वाजवतोय, सेकंदाला हजार तुकडे, आणि मधे तिची चाळीस ओळींची कविता — हो, कविताच म्हणायची ती मनातल्या मनात — जिच्यात एकही पाऊल वाया जात नव्हतं. ते या संशयी भाषेत लिहिताच येणार नाही. लिहायला बसायचं, कंपायलर अडवणार, तो अडवतोय ते चारला डॉक्टरांना दाखवायचं. झालं.

ऑफिस सायकलच्या दुकानावर. तीन खोल्या, नऊ माणसं, आणि मागच्या बाजूला चौथी एक, भिंतींना जाड फोम लावलेली, जिथे बाहेरचा आवाज येत नाही आणि आतला घुमत नाही. त्या खोलीत स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं. टाचणी तिथेच बसलेली होती. टाचणी एकतीस वर्षांची, अंगाने तशीच, आणि बोलणंही तसंच. आधीच्या नोकरीत क्रेन चालवणारे प्रोग्रॅम लिहायची. नवी भाषा तिनेच आणलेली.

"ताई, आज तुम्ही माझा निकाल लावणार म्हणे."

"तुझा नाही. तुझ्या भाषेचा."

"बघा हं. ती उलट बोलते."

"मला सून असण्याचा बावीस वर्षांचा अनुभव आहे," थोरली म्हणाली. "उलट बोलण्याचं मला नको सांगूस."

ती लिहायला बसली. तीन महिने रोज तासभर ती ही भाषा शिकत होती, कुणाला न सांगता — म्हणजे टाचणी सोडून सगळ्यांना न सांगता, कारण अडलं की विचारायला दुसरं होतं कोण? चाळीस ओळी. जुन्या ओळी डोळे मिटूनही दिसत होत्या, त्या एकेक करून या भाषेत आणायच्या. तुकडा घे. भर. कानाकडे दे. मोज. पुढचा घे. साडेदहाला लिहून झालं. तिने कंपायलरला दिलं आणि पाणी प्यायला उठली.

परत आली तेव्हा लाल अक्षरांत नकार येऊन पडला होता. ठीक. हेच तर हवं होतं. पण नकार नेमका कशाला आहे ते तरी कळायला हवं, नाहीतर टाचणी म्हणेल, ताई, तुमचंच चुकलं... तिने ओळ बदलली. नकार. दुसरीकडून शिरून बघितलं. नकार. साडेअकरा. पुन्हा तीच ओळ, पंचविसावी, तिच्याखाली एक नागमोडी रेघ आणि एक छोटं, सभ्य, संतापजनक वाक्य: ही वस्तू तुम्ही आधीच्या ओळीत देऊन टाकली आहे, आता तुम्ही तिला हात लावू शकत नाही.

अगं बाई, मला ठाऊक आहे मी दिलीय! मीच दिलीय! मी नुसतं बघतेय तिच्याकडे, घेत नाहीये. मीच भरलेला तुकडा, मीच दिला, आणि देता देता त्याचा आवाज किती मोठा होता तेवढं वाचून ठेवलं, पुढच्या तुकड्याच्या वेळी लागतं म्हणून — त्यात तुझं काय जातंय? सात वर्षं वाचतेय. लाखभर कानांत वाचतेय...

"टाचणी!" ती ओरडली. फोमच्या भिंतींनी तो आवाज तिथल्या तिथे गिळला, तरी टाचणी दचकली. "इकडे ये. तुझी भाषा चुकतेय आणि मी तुला फळ्यावर दाखवते कुठे."

टाचणी सफरचंद खात फळ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला काही बोलायचं असावं आणि ती ते सफरचंदाबरोबर गिळत असावी असं थोरलीला वाटलं.

"हा माइक. हा कान. हा तुकडा." तिने चौकोन काढला. "मी तुकडा भरला. कानाच्या हवाली केला. इथे. आता कान तो वाजवणार. वाजवायला वेळ लागतो. तेवढ्यात मी, पुढच्याच ओळीत, त्याचा मोठेपणा वाचून घेते. एका ओळीचं काम. तुकडा अजून तिथेच आहे, कान तो वाजवतोय, मग बिघडलं काय? कान तो वाजवून होईपर्यंत तुकडा काही रिकामा होत नाही. आणि माझी ओळ होईपर्यंत कानाचं वाजवून होणं शक्यच नाही, कारण माझी ओळ आणि ती मागची ओळ यांच्या मधे काही नाही. काहीच नाही. मधे काही येऊच शकत नाही, फक्त..."

हात फळ्यावर तसाच राहिला.

फक्त घड्याळाचा ठोका. ठोका पडला की माझ्या प्रोग्रॅमने हातातलं खाली ठेवायचं, आधी घड्याळाचं काम, माइक आणि कान मात्र चालूच. तो कधीही पडतो. दोन ओळींच्या मधेही पडतो. हजारदा नाही पडत, लाखदा नाही पडत, आणि एकदा पडतो. आणि तो पडला, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरी तपासायची पाळी असली — ते काम जरा लांबतं — तर तेवढ्यात कान तुकडा वाजवून मोकळा करणार, माइक तोच तुकडा उचलून नवा आवाज भरायला घेणार, अर्धा जुना, अर्धा नवा, मधे नुसता कचरा... आणि मग मी परत येणार, मला काही ठाऊक नाही, आणि मी त्या तुकड्याकडे वळून बघणार. जो आता माझा नाही. आणि त्यातला कचरा मोजून म्हणणार, अरे बाप रे, केवढा मोठा आवाज! कानठळ्या! आणि कानाला इजा होऊ नये म्हणून जी झडप ठेवलीय ती धाडकन बंद. सेकंदाचा तिसरा हिस्सा.

"किती वेळ बंद राहते?" ती स्वतःशीच म्हणाली.

"झडप ना? तीनशेतीस मिलिसेकंद," टाचणी हळूच म्हणाली. सफरचंद तिच्या हातात तसंच होतं.

'उद्या.' 'नको.' बातम्यांतला तो न सापडलेला. सात वर्षं. पहिल्या वर्षी तिने अकरा आठवडे शोधलं होतं. माइक बदलले, तारा बदलल्या, बॅटऱ्यांच्या कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं, एकदा तर सासूबाईंच्या कानातल्या मळावरही बालंट आणलं... आणि शेवटी तपासणीच्या कागदावर 'मर्यादेत' असा शेरा पडला आणि सगळ्यांनी ते कानाआड केलं. पंचविसाव्या ओळीवरून तिची नजर शंभर वेळा गेली असेल. सुंदर ओळ होती ती. तिचा संशय कोण घेणार?

तिला वाटलं, आता रडू फुटणार. बाहेर पडलं तेव्हा ते हसू होतं. खदखदून, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी काढणारं. टाचणी आधी घाबरली, मग तीही हसायला लागली, आणि त्या न घुमणाऱ्या खोलीत दोघींचं हसणं इतकं कोरडं, इतकं जवळचं ऐकू यायला लागलं की त्याचंच पुन्हा हसू.

"थांब, थांब," थोरली डोळे पुसत म्हणाली. "हसतेस काय! सिद्ध कुठे झालंय अजून? जुना प्रोग्रॅम काढ. चोविसावी आणि पंचविसावी, त्यांच्या मधे मुद्दाम वेळकाढूपणा घाल. सेकंदाचा हजारावा हिस्सा. मी म्हणते तसं असेल तर मशीन दर वाक्याला गप्प व्हायला हवं."

टाचणी धावलीच. चाचणीचं यंत्र टेबलावर, समोर स्पीकर, आणि स्पीकरमधून नेहमीची टेप. त्या टेपवरचा आवाज सासूबाईंचा होता. कधीतरी एका रविवारी थोरलीनेच तो रेकॉर्ड करून घेतला होता, कारण असा स्वच्छ, सुटा, शब्दाशब्दाला पाय रोवून उभा राहणारा आवाज पैसे देऊनही मिळाला नसता. 'थांबा, जोडून देते. बोला, आपली लाइन लागली आहे.' यंत्राने तो ऐकायचा, दुसऱ्या स्पीकरवर सोडायचा.

"सुरू कर."

'थांबा... देते. बोला... लाइन... आहे.'

"पुन्हा."

'...जोडून... बोला, आपली... आहे.'

एवढं मोडकं, एवढं भोकाभोकांचं बोलणं ऐकून कुणाला इतका आनंद झाला नसेल. टाचणीने तिला मिठी मारली. थोरलीला कुणी मिठी मारत नसे, तिला हात कुठे ठेवायचे ते कळेना, तिने ते टाचणीच्या पाठीवर ठेवले आणि दोनदा थोपटलं... आणि मग तीच सोडेना.

"आता दोन ओळी उलट कर. आधी मोज, मग दे."

एवढंच. पंचविसावी चोविसाव्या जागी, चोविसावी पंचविसाव्या. मधला वेळकाढूपणा तसाच ठेवला. टेप अर्धा तास चालवली, मग तास. 'थांबा, जोडून देते. बोला, आपली लाइन लागली आहे.' एकही शब्द गळला नाही. टाचणी जेवून आली, थोरलीला जेवायची आठवण नव्हती. डोळे मिटून ती टेप ऐकत राहिली. सासूबाईंचा वीस वर्षं तरुण वाटणारा आवाज पुन्हा पुन्हा तिची लाइन जोडून देत होता.

चारला डॉक्टर आले. मूळचे कानाचे डॉक्टर, दवाखाना सोडून या धंद्यात पडलेले. आयुष्यभर कमी ऐकणाऱ्यांशी बोलल्यामुळे ते साधा निरोपही भाषण दिल्यासारखा सांगत.

"बोला!" ते खुर्ची मागे सारून गरजले. "नवी की जुनी? चिपवाल्यांना आज कळवायचंय."

तिने आधी पंचविसाव्या ओळीचं सांगितलं. काही न लपवता, 'माझी चूक' हे दोन शब्द नीट उच्चारून. डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं, मग ते उठले, फळ्यापाशी गेले, चौकोनाकडे बघत राहिले.

"दोन ओळी?"

"दोन ओळी."

"सात वर्षं?"

"सात वर्षं."

"आणि आता आहे त्या मशीनमध्येही हे दुरुस्त होईल? जुन्या भाषेत?"

"उद्याच. ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही बसवून देता येईल."

"वा!" डॉक्टर म्हणाले. "मग झालं की! जुनी भाषा निर्दोष झाली. नवीची कटकट कशाला? तुमचे ते अकरा मुद्दे आहेतच."

टाचणीने थोरलीकडे बघितलं. आता बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत, असा तो चेहरा. आणि थोरलीच्या लक्षात आलं की डॉक्टर म्हणतायत ते खोटं नाही. जी भाषा हाणून पाडायला आपण बसलो तिने आपली चूक दाखवली, आणि ती चूक सुधारल्यामुळे जुनीचीच बाजू भक्कम झाली... काय गंमत आहे! सकाळी हेच वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला तिने काय दिलं नसतं.

"ही एक जागा सापडली," ती म्हणाली. "अशा ओळी बावीस हजार आहेत. मला त्या सगळ्या सुंदर वाटतात. तीच भीती आहे."

"मग नवी?"

"नवीचंही सगळं कुठे बघितलंय? चिपला थेट हात लावायचा तिथे ती मागे सरते. इथलं मला दिसत नाही म्हणते, तुमच्या जबाबदारीवर करा म्हणते, आणि तेवढ्या ओळींना वेगळं कुंपण घालून ठेवते. आपल्या कामात तशी कुंपणं किती पडतील? दहा पडली तर नवी उत्तम. हजार पडली तर मग ती आणि जुनी यांत फरक काय राहिला?"

"दहा की हजार?"

"मला माहीत नाही."

ऑफिसात थोरलीच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. तिनेही नाही. जिभेवर ते गार लागलं, छान लागलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी लागतं तसं, आणि तिला ते पुन्हा म्हणून बघावंसं वाटलं. "खरंच माहीत नाही हो, डॉक्टर."

"चिपवाल्यांना शुक्रवार सांगू?" डॉक्टर पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले.

"शुक्रवार."

घरी येताना शाळेची भिंत तिला आखूड वाटली. सासूबाई टेबलाशी भाजी निवडत बसल्या होत्या. ती चपला न काढताच आत गेली आणि समोर बसली. वाटेत तिने वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी उडाली.

"आई, ते शब्द माझ्यामुळे जायचे. मशीनमुळे नाही. मी लिहिलेल्या एका ओळीमुळे."

सासूबाईंचे हात थांबले. "सगळे?"

"सगळे. आणि मी तुमच्या कानातल्या मळाला नावं ठेवली होती."

"ते मी विसरलेले नाही," सासूबाई म्हणाल्या. एक देठ मोडला, दुसरा मोडला. "म्हणजे तो 'नको' तूच खाल्लास आणि वर भाजीपण तूच खाल्लीस."

"हो."

"चांगलं पोट आहे तुझं."

"रागावला नाहीत?"

"रागावले तर. थोडी रागावलेय, रात्रीपर्यंत राहीन." त्यांनी भाजीचं ताट पुढे सरकवलं, घे निवडायला, अशा अर्थाने. "पण तुला सांगू? एक्स्चेंजमध्ये लाइन मधेच तुटायची ना, तेव्हा लोक मला शिव्या द्यायचे. मी परत जोडून द्यायचे. आणि परत जोडलं की माणसं वेगळीच बोलायची गं. जे पहिल्यांदा घाईत म्हणालेली असायची ते नीट म्हणायची. मी ऐकायला नको होतं, पण ऐकायचे." त्या हसल्या. "आता गेला नाही शब्द तर मी लोकांना पुन्हा काय म्हणून विचारू? सवय झालीय मला. दूधवाला वैतागून का होईना, दोनदा बोलतो माझ्याशी."

तिने एक जुडी उचलली. हे कुठल्याही मुद्द्यात बसत नव्हतं, ना नवीच्या बाजूने, ना जुनीच्या, आणि तरी ते कामाचं होतं, कुठेतरी फार कामाचं होतं... दोघी शेजारीशेजारी बसून देठ मोडत राहिल्या. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सासूबाईंनी मान तिरकी करून ती पूर्ण ऐकली.

शुक्रवारी काय सांगायचं? तिने मनाला विचारून बघितलं, आणि मनाने त्या प्रश्नाकडे चक्क पाठ केली. त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं. दोन कानांत दोन यंत्रं. पुढच्या मशीनमध्ये ती एकमेकांशी बोलायला हवीत, उजवीकडून आलेला आवाज डाव्यालाही कळायला हवा, म्हणजे माणूस कुठून हाक मारतोय ते समजेल. पण मग तो आवाज उजव्याचा की डाव्याचा? उजव्याने तो देऊन टाकायचा की उसना द्यायचा? आणि उसना दिला तर परत येईपर्यंत उजव्याने काय करायचं, थांबायचं? थांबता तर येत नाही...

तिचा हात जुडीवरच राहिला. हा प्रश्न आला कुठून? तीस वर्षं ती असे प्रश्न मेमरीतला पत्ता कुठला, आकडा किती, असेच मनाशी मांडत आली होती. मालक कोण, असं तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. कुणी न बोलावता, मागच्या दाराने, ती नवी भाषा डोक्यात येऊन बसली होती आणि आतून विचार करायला लागली होती. एखाद्या भाषेत विचार आला म्हणून ती भाषा कामाला योग्य ठरत नाही, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. उद्या पुन्हा नागमोडी रेघा येतील, पुन्हा चिडायला होईल, आणि कुंपणं हजारही निघतील, कुणी सांगावं. मला काहीच माहीत नाही... छप्पन्न वर्षांची मी, आणि उजव्या कानाने डाव्याला उसनं काय द्यावं तेही मला माहीत नाही! ती देठ मोडत होती, आणि आत, खूप आत, काहीतरी नुकतंच उठून, डोळे चोळत, काय काम आहे म्हणून विचारत होतं.